मूत्रविकारांची मराठी : शब्द, समज आणि आरोग्य

रोग होतो शरीराला. परंतु वैद्यापर्यंत तो प्रथम पोहोचतो तो भाषेतून. रक्ताची व मूत्राची तपासणी, क्ष-किरण चित्रे, सोनोग्राफी या सर्व गोष्टी नंतरच्या होत. तत्पूर्वी रुग्णाने आपले गाऱ्हाणे सांगितलेले असते, आणि जे सांगण्यास त्याच्यापाशी शब्द असतो तेच तो बहुधा सांगतो. ज्याला शब्द नाही ती गोष्ट निवेदनातून गळते. आणि ज्याला शब्द आहे, परंतु त्या शब्दाचा अर्थ वैद्याच्या अर्थाहून निराळा आहे, ती गोष्ट पोहोचूनही न पोहोचल्यासारखीच होते.

मूत्र व मूत्रपिंड यांच्या विकारांबाबत या सामान्य विधानाला विशेष महत्त्व आहे. मूत्र मूत्रपिंडात तयार होते, मूत्रवाहिन्यांतून खाली येते, मूत्राशयात साठते आणि मूत्रमार्गाने बाहेर पडते. या प्रवासातील शेवटच्या दोन टप्प्यांत जे घडते ते माणसाला तीव्रतेने जाणवते, आणि त्यासाठी मराठीत शब्दांची विपुलता आहे. पहिल्या टप्प्यात, म्हणजे मूत्रपिंडात, जे घडते ते बहुतांशी जाणवत नाही, आणि त्यासाठी बोलीभाषेत शब्दही नाही. अवयवाचे मौन आणि भाषेचे मौन अशी दोन्ही एकत्र आली, म्हणजे रोग वर्षानुवर्षे अलक्षित राहू शकतो. घरोघर विचारल्या जाणाऱ्या काही नित्याच्या प्रश्नांच्या आधारे या स्थितीचा विचार येथे केला आहे.

१. शिष्ट शब्द आणि ग्राम्य शब्द

संस्कृत 'मूत्र' या शब्दापासून 'मूत' हा तद्भव शब्द आला. त्यावरून 'मुतणे' हे क्रियापद व 'मुतारी' हे स्थलवाचक नाम सिद्ध झाले. तत्सम रूप शास्त्रीय आणि तद्भव रूप ग्राम्य, अशी वाटणी मराठीत अनेक शब्दांची झालेली आहे. तिचेच हे एक उदाहरण. शास्त्रीय रूप घरगुती बोलण्यात जड वाटते आणि ग्राम्य रूप उच्चारवत नाही. ही पोकळी शिष्ट समाजाने 'लघवी' आणि 'लघुशंका' या शब्दांनी भरून काढली. दोहोंच्या मुळाशी 'लघु' हे विशेषण आहे. 'दीर्घशंके'च्या जोडीने येणाऱ्या 'लघुशंके'त क्रियेचे नाव कोठेच नाही. आहे ती केवळ तिच्या लहानपणाची सूचना, आणि 'शंका' म्हणजे येथे संशय नसून देहधर्माची जाणीव होय. लहान मुलांच्या भाषेतील 'शू' आणि शहरी भाषेतील 'बाथरूमला जाणे' ही त्याच मार्गावरील पुढील वळणे होत. पहिल्यात ध्वनीने, दुसऱ्यात स्थळाने क्रियेचे नाव झाकले आहे.

या सर्व आडपडद्यातून एक शब्द मात्र निसटला आहे, आणि तो म्हणजे 'मुतखडा'. जी गृहिणी 'मूत' हा शब्द कधीही उच्चारणार नाही, ती शेजारणीच्या मुतखड्याची चौकशी निःसंकोच करते. समास एकजीव झाला म्हणजे घटकपदांचा स्वतंत्र अर्थ मावळतो, व त्याबरोबर त्यांची ग्राम्यताही मावळते, याचा हा चांगला नमुना आहे. परंतु याचा एक व्यावहारिक परिणामही आहे. चारचौघांत ज्याची चर्चा मोकळेपणाने होते असा मूत्रसंस्थेचा विकार म्हणजे मुतखडा. साहजिकच कमरेतील पुष्कळशा दुखण्यांना ते नाव सहज चिकटते, आणि इतर विकार नावावाचून राहतात.

संकोचाचा परिणाम शब्दांपुरता राहत नाही. मुंबईत स्त्रियांसाठी मोफत व स्वच्छ मुताऱ्या असाव्यात म्हणून २०११ मध्ये सुरू झालेली मोहीम 'राइट टू पी' या इंग्रजी नावानेच प्रसिद्ध झाली. जी मागणी मराठीत उघडपणे उच्चारणे अवघड, ती परभाषेच्या शब्दांत सुकर होते. घराबाहेर सोय नाही म्हणून सकाळपासून पाणीच न पिणाऱ्या स्त्रिया शहरांत व खेड्यांत सारख्याच आढळतात. आणि पुढे ज्या दोन विकारांचा विचार केला आहे, त्या जंतुसंसर्गाला व मुतखड्याला ही सवय पोषक ठरते.

२. क्रियापदांची व्यवस्था

'लघवी' या नामाबरोबर येणारी क्रियापदे पाहिली असता मराठीची सूक्ष्मता ध्यानात येते. लघवी 'लागते', लघवी 'होते', ती माणूस 'करतो', प्रसंगी 'रोखून धरतो', ती कधी 'सुटते', तर कधी 'अडते' अथवा 'तुंबते'. 'मला लघवीला लागली आहे' या वाक्यात माणूस चतुर्थीत आहे. तो कर्ता नसून केवळ अनुभव घेणारा आहे. 'करणे' या क्रियापदाबरोबर तो कर्ता होतो. 'सुटणे' या क्रियापदात कर्तृत्व पुन्हा त्याच्या हातून जाते.

ही व्यवस्था शरीरक्रियेशी चांगलीच जुळते. प्रौढ माणसाच्या मूत्राशयात सुमारे ४०० ते ५०० मिलिलिटर मूत्र मावते. त्याच्या निम्म्याच्या आसपास साठा झाला की पहिली जाणीव होते. हेच 'लागणे'. त्यानंतर मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू इच्छेने आवळून ठेवणे म्हणजे 'रोखणे', आणि तो सैल सोडून मूत्राशय आकुंचित होऊ देणे म्हणजे 'करणे'. खोकताना वा शिंकताना लघवी 'सुटणे' ही बाळंतपणानंतर व उतारवयात अनेक स्त्रियांना होणारी तक्रार आहे. ती वयाचा भाग समजून सोसली जाते. वस्तुतः ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंच्या नियमित व्यायामाने तिच्यात पुष्कळ सुधारणा होऊ शकते. 'तुंबणे' ही उतारवयातील पुरुषांची तक्रार. मूत्राशयाच्या खाली असलेली प्रोस्टेट ग्रंथी वाढली, म्हणजे धार बारीक होते, रात्री वारंवार उठावे लागते, आणि एखाद्या वेळी लघवी पूर्णपणे अडते. ओटीपोट फुगून दुखत असताना थेंबही न येणे हा तातडीचा प्रसंग होय. अशा वेळी घरगुती उपायांत रात्र घालविणे धोक्याचे.

लघवी रोखून धरल्याने किडनी बिघडते काय, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायाचे नावच 'नवेगान्धारणीय' असे असून, जे तेरा वेग अडवू नयेत असे तेथे सांगितले आहे त्यांत मूत्राचा वेगही आहे. आधुनिक वैद्यकही सवयीने लघवी रोखण्यास अनुकूल नाही. त्याने संसर्गाचा संभव वाढतो. मात्र निरोगी माणसाने प्रवासात दोन तास कळ काढली म्हणून मूत्रपिंडाला इजा होत नाही. मूत्रपिंडाला इजा होते ती, वाढलेल्या प्रोस्टेटसारख्या अडथळ्यामुळे मूत्र आठवडेच्या आठवडे मागे साचत राहिले असता.

या साऱ्या क्रियापदांत एक गोष्ट समान आहे. ती सर्व मूत्राशयाच्या व मूत्रमार्गाच्या पातळीवरची आहेत. मूत्र तयार होणे, रक्त गाळले जाणे, या क्रियेसाठी बोलीत एकही क्रियापद रूढ नाही.

३. उन्हाळी

लघवी करताना जळजळ होणे, वारंवार जावेसे वाटणे व थोडी थोडी होणे या लक्षणसमूहाला मराठीत 'उन्हाळी लागणे' म्हणतात. संस्कृत 'उष्ण' पासून 'ऊन' व त्यापासून हा शब्द. शास्त्रग्रंथांतील 'मूत्रकृच्छ्र' ही संज्ञा केवळ त्रासाचे वर्णन करते. 'उन्हाळी' हा शब्द वर्णनाबरोबर कारणही सांगून टाकतो. उष्णता झाली म्हणून आग होते, सबब थंड द्यावे : धने-जिऱ्याचे पाणी, सब्जा, शहाळे, जवाचे पाणी. निदान व उपचार ही दोन्ही शब्दातच सामावलेली आहेत.

या समजुतीत सत्याचा अंश नाही असे नव्हे. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. घामावाटे पाणी गेले की मूत्रपिंड उरलेले पाणी राखून ठेवते. मूत्र थोडे, गडद व तीव्र होते, आणि ते बाहेर पडताना टोचते. अशा वेळी भरपूर पाणी घेतल्याने तक्रार थांबते. परंतु जळजळीचे फार मोठे कारण निराळेच आहे, आणि ते म्हणजे जंतुसंसर्ग. बहुसंख्य रुग्णांत तो आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या जंतूंमुळे होतो. स्त्रियांचा मूत्रमार्ग सुमारे ४ सेंटिमीटर लांबीचा, तर पुरुषांचा सुमारे २० सेंटिमीटर. त्यामुळे स्त्रियांत हे जंतू मूत्राशयापर्यंत सहज पोहोचतात. ऋतू कोणताही असो, या जळजळीला 'उन्हाळी' हेच नाव मिळते, आणि जंतूची कल्पना त्या नावात कोठेच बसत नाही.

घरगुती पेयांनी बहुधा अपाय होत नाही. पाणी पोटात जाते हा लाभच. परंतु जंतुसंसर्ग त्यांच्या भरवशावर सोडून देता येत नाही. दोन दिवसांत उतार नसेल, थंडी वाजून ताप आला असेल, बरगडीखाली पाठीत दुखू लागले असेल, तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याचा संभव असतो, व तेथे लघवीची तपासणी आणि योग्य प्रतिजैविक यांवाचून गत्यंतर नाही. जळजळ थांबताच गोळ्या मध्येच सोडणे हेही शब्दाच्या आहारी जाण्यासारखेच आहे. 'आग' शमली तरी जंतू संपलेले असतातच असे नाही. गरोदर स्त्रीच्या बाबतीत तर जळजळ नसतानाही मूत्रात जंतू असू शकतात व त्यांवर उपचार करावा लागतो. लक्षण नाही, म्हणून शब्द नाही. परंतु रोग आहे.

शहाळ्याविषयी एक सूचना अवश्य दिली पाहिजे. त्याच्या पाण्यात पोटॅशियमचे प्रमाण बरेच असते. निरोगी मूत्रपिंड ते बाहेर टाकते. निकामी होत आलेले मूत्रपिंड टाकू शकत नाही, आणि रक्तातील पोटॅशियम फार वाढल्यास हृदयक्रिया थांबू शकते. जे पेय 'किडनीला चांगले' म्हणून आग्रहाने पाजले जाते, तेच अशा रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

४. परमा आणि धातू

प्राचीन वैद्यकात 'प्रमेह' ही व्यापक संज्ञा होती. मूत्राच्या प्रमाणात वा स्वरूपात विकृती दाखविणारे वीस प्रकार तिच्यात गणले जात : दहा कफज, सहा पित्तज व चार वातज. त्या वातज प्रकारांतील 'मधुमेह' आज स्वतंत्र व सर्वपरिचित रोगनाम झाले आहे. मूळ 'प्रमेह' शब्द मात्र लोकभाषेत 'परमा' होऊन आला, आणि त्याचा अर्थ संभोगजन्य अशा एकाच रोगापुरता आकुंचित झाला. अर्थसंकोच आणि अर्थापकर्ष एकाच शब्दात घडल्याचे हे ठळक उदाहरण होय. परिणामी लघवीची जळजळ ही चारित्र्याशी जोडली गेली. जी तक्रार 'उन्हाळी' म्हणून सांगता येते, तीच दीर्घकाळ टिकली की 'परमा' या शब्दाच्या छायेत जाते, आणि तेव्हापासून ती सांगितली जाईनाशी होते.

'धातू' या शब्दाचा प्रवासही असाच बोधप्रद आहे. व्याकरणात तो क्रियापदाचे मूळ दर्शवितो, खनिजशास्त्रात लोखंड-तांबे, आणि आयुर्वेदात शरीर धारण करणारे रसरक्तादी सात घटक. लोकभाषेत त्या सातांपैकी शेवटचा, म्हणजे शुक्र, एवढाच अर्थ उरला. लघवी गढूळ अथवा फेसाळ दिसली की 'धातू जातो' असे तरुण समजतो व अशक्तपणा, निद्रानाश, खिन्नता या साऱ्यांचा संबंध तिच्याशी लावतो. डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या अवस्थेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले व ती मानसोपचारशास्त्राच्या अभ्यासाचा विषय झाली.

गढूळपणा पुष्कळदा मूत्रातील फॉस्फेट क्षारांमुळे येतो व तो निरुपद्रवी असतो. फेसाचे मात्र तसे नाही. धारेच्या जोराने उठलेले बुडबुडे लगेच विरतात; परंतु दाट फेस रोज दिसत असेल व तो टिकून राहत असेल, तर मूत्रातून प्रथिन जात असण्याचा संभव असतो. निरोगी मूत्रपिंड रक्तातील आल्ब्युमिन जवळजवळ संपूर्णपणे रोखून धरते. ते मूत्रात उतरू लागणे हे चाळणी बिघडल्याचे अगदी पहिल्या चिन्हांपैकी एक आहे. ज्याने फेसाला 'धातू' म्हटले, तो गुप्तरोगाच्या जाहिरातीकडे वळतो. ज्याने तो 'फेस' म्हणूनच सांगितला, त्याची साध्या लघवी-तपासणीने वेळीच परीक्षा होऊ शकते.

५. मुतखडा

'अश्मरी' ही शास्त्रीय संज्ञा व 'मुतखडा' हा देशी शब्द या दोहोंत दगडाची कल्पना समान आहे. सुश्रुतसंहितेत अश्मरीचे चार प्रकार व तिच्या शस्त्रक्रियेचे सविस्तर वर्णन आहे. मात्र ती शस्त्रक्रिया मूत्राशयातील खड्याची होय.

'खडा' म्हटले की तांदळातील खडा, वाटेतील खडा डोळ्यांपुढे येतो. म्हणजे बाहेरून आलेली वस्तू. त्यामुळे टोमॅटोच्या, वांग्याच्या, पेरूच्या बिया पोटात गेल्याने खडा होतो, ही समजूत सहज पटते. वस्तुतः अन्नातील बी आतड्यातून मूत्रपिंडात जाण्याची वाटच नाही. खडा बाहेरून येत नाही. तो मूत्रातच घडतो. याला समर्पक दृष्टांत मराठीतच आहे, तो म्हणजे खडीसाखर. साखरेचा दाट पाक स्थिर ठेवला की दोऱ्याभोवती स्फटिक जमतात. पाक पातळ असेल तर जमत नाहीत. मूत्रात विरघळलेले कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल यांचेही असेच होते. बहुसंख्य खडे कॅल्शियमचे, आणि त्यांतही कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. पाणी कमी पडले, मूत्र दाट झाले, की स्फटिक धरतात. म्हणून ज्याला एकदा खडा झाला त्याने दिवसाकाठी अडीच लिटरच्या आसपास लघवी होईल इतके पाणी प्यावे, हा सर्वमान्य उपाय होय.

खडा कॅल्शियमचा, म्हणून दूध-दही बंद करावे, हे अनुमान तर्काला धरून दिसते, परंतु ते चूक आहे. आहारातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधून ठेवते. ते कमी केले तर मोकळे राहिलेले ऑक्झलेट अधिक प्रमाणात रक्तात व तेथून मूत्रात जाते. इटलीत झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या एका चाचणीत, कॅल्शियम कमी केलेल्या आहारापेक्षा कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ व मांसाहार कमी केलेल्या आहाराने खडे पुन्हा होण्याचे प्रमाण कमी राहिले. पथ्य करावयाचेच तर ते मिठाचे करावे.

कुळथाचे कढण व पानफुटीची पाने यांची ख्याती मोठी आहे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : ५ मिलिमीटरहून लहान खडे बहुधा आपोआपच पडून जातात. त्या काळात जे घेतले असेल त्याला श्रेय मिळते. दुसरी गोष्ट वेदनेची. खडा मूत्रपिंडात स्वस्थ असतो तोवर पुष्कळदा दुखतच नाही. तो मूत्रवाहिनीत उतरला की पाठीतून जांघेकडे जाणारी असह्य कळ येते. कळ थांबली म्हणजे खडा पडला असे म्हणता येत नाही. अडकून राहिलेला खडा वेदनेवाचूनही मूत्रपिंडाची हानी करू शकतो. म्हणून सोनोग्राफी करून तो पडल्याची खात्री करून घ्यावी. खड्याबरोबर ताप असेल तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठणे अवश्य आहे.

६. अवयवाचे नाव

ज्या अवयवाविषयी हे सारे विवेचन आहे, त्याचे नाव काय? संस्कृतात तो 'वृक्क'. परंतु चरकाने मूत्रवाही स्रोतसांचे मूळ बस्ती व वंक्षण हे सांगितले आहे, आणि वृक्कांचा संबंध मेदोवाही स्रोतसांशी जोडला आहे. म्हणजे अवयव ज्ञात होता, त्याचे नावही होते, परंतु त्याचे मूत्राशी असलेले नाते त्या नावात नव्हते. पश्चिमेकडे दुसऱ्या शतकात गेलनने मूत्रवाहिन्या बांधून मूत्र मूत्रपिंडातूनच येते हे दाखविले. तरी मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळणीची रचना विशद होण्यास १८४२ सालचे विल्यम बोमन यांचे संशोधन यावे लागले.

'मूत्रपिंड' हा शब्द या ज्ञानाचा वारसा सांगतो. त्यात कार्यच नावात घातले आहे. तो पाठ्यपुस्तकांत रुजला, बोलीत मात्र नाही. 'गुरदा' हा फारसी शब्द मराठीत आला तो खाटकाच्या दुकानापुरता राहिला, जरी हिंदीत तो माणसाच्या अवयवालाही लावला जातो. गंमत अशी की 'वृक्क' आणि 'गुरदा' हे एकाच मूळ भारत-इराणी शब्दाचे वंशज आहेत. अखेर बोलीने स्वीकारला तो इंग्रजी 'किडनी', आणि तोही पूर्णपणे आपलासा करून : त्याला स्त्रीलिंग मिळाले व 'किडन्या' असे अनेकवचनही मिळाले.

उसन्या शब्दाने अवयवाला नाव मिळाले, परंतु त्याचे स्थान व कार्य त्या शब्दाबरोबर आले नाही. 'किडनी दुखते' असे म्हणून बोट दाखविले जाते ते बहुधा कमरेच्या खालच्या भागाकडे. मूत्रपिंडे असतात त्याहून वर, पाठीच्या बाजूस, शेवटच्या बरगड्यांच्या पातळीवर. कमरेचे दुखणे बहुतांशी स्नायूंचे व मणक्यांचे असते. त्यासाठी महिनोन्महिने घेतलेल्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी मात्र खरोखरच मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो; विशेषतः वृद्धांना, रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या रुग्णांना. जो अवयव दुखत नव्हता, तो दुखतो असे समजून केलेल्या उपायाने तो बिघडावा, असा हा प्रकार आहे.

७. 'लघवी साफ होते'

'लघवी साफ होते ना?' 'हो, अगदी साफ होते.' वैद्य व रुग्ण यांच्यातील या नित्याच्या प्रश्नोत्तरात सर्वांत मोठा धोका दडलेला आहे.

'साफ' या शब्दाचे मराठीत दोन अर्थ एकमेकांत मिसळले आहेत : स्वच्छ आणि निर्वेध. 'काच साफ आहे' येथे पहिला. 'पोट साफ झाले', 'वाट साफ आहे' येथे दुसरा. 'लघवी साफ होते' या वाक्यात दोन्ही एकदम सूचित होतात : ती न अडखळता होते, आणि दिसायला स्वच्छ आहे. त्यावरून 'अर्थात किडनी उत्तम आहे' हे अनुमान काढले जाते. परंतु पहिला अर्थ मूत्राशयाची व मूत्रमार्गाची साक्ष देतो, दुसरा मूत्राच्या रंगाची. मूत्रपिंडाच्या कार्याविषयी दोन्ही मुके आहेत.

हे कार्य काय, हे आकड्यांनी पाहावे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात, आणि त्यातील ९९ टक्के परत शोषून घेतात. बाहेर पडते ते एक ते दोन लिटर. म्हणजे गाळण्याची क्रिया निम्म्यावर आली, तरी परत शोषण्याचे प्रमाण किंचित घटवून लघवी पूर्वीइतकीच राखणे शरीराला शक्य होते. इतकेच नव्हे, तर दीर्घकालीन विकारात मूत्र दाट करण्याची शक्ती आधी उणावते. लघवी फिकट, पाण्यासारखी व पुष्कळ होते, आणि रात्रीही उठावे लागते. ज्या 'साफ' लघवीवर रुग्ण निर्धास्त असतो, तीच कधी कधी रोगाची खूण असते.

रक्तातील क्रिएटिनिन हे स्नायूंच्या चयापचयातून निघणारे द्रव्य होय. ते मूत्रपिंड बाहेर टाकते. परंतु कार्यशक्ती निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत त्याचा आकडा सामान्य मर्यादेतच राहू शकतो. कृश व वृद्ध व्यक्तीत स्नायूच कमी, म्हणून आकडा आणखीच फसवा. यासाठी क्रिएटिनिन, वय व लिंग यांवरून गाळण्याचा वेग काढतात, आणि त्याच्या जोडीला मूत्रातील आल्ब्युमिन पाहतात. ज्यांना मधुमेह वा उच्च रक्तदाब आहे त्यांनी या दोन तपासण्या वर्षातून एकदा करून घ्याव्यात, कारण दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराची ही दोन प्रमुख कारणे होत. मूत्रातून वेदनेवाचून रक्त जाणे हेही असेच फसवे लक्षण. दुखत नाही म्हणून ते दुर्लक्षिले जाते. प्रौढ वयात मात्र त्याची तपासणी टाळू नये, कारण त्यामागे मूत्राशयाचा अथवा मूत्रपिंडाचा कर्करोग असू शकतो.

पाणी किती प्यावे, हा प्रश्नही येथेच येतो. सर्वांना लागू पडेल असे माप नाही. निरोगी माणसाने तहानेप्रमाणे प्यावे व लघवी फिकट पिवळी राहील इतके पाहावे. खड्याच्या रुग्णाने अधिक प्यावे. आणि ज्याच्या पायांवर सूज आहे, मूत्रपिंड वा हृदय दुर्बळ आहे, त्याने वैद्य सांगेल तेवढेच प्यावे. 'जास्त पाण्याने किडनी धुऊन निघते' हे 'साफ' या कल्पनेचेच अपत्य होय. मूत्रपिंड ही धुण्याची वस्तू नव्हे. धुण्याचे काम तीच करते.

८. 'फेल' आणि 'लागणे'

'किडनी फेल झाली' हा प्रयोग शाळेच्या निकालपत्रातून आलेला आहे. तेथे उत्तीर्ण व अनुत्तीर्ण अशा दोनच अवस्था असतात. मूत्रपिंडाच्या ऱ्हासात तसे नाही. गाळण्याचा वेग मिनिटाला ९० मिलिलिटर वा अधिक, मग ६०, ३० व १५ या मर्यादा ओलांडत खाली, अशा पाच पायऱ्या वैद्यक मानते. पहिल्या तीन पायऱ्यांवर रक्तदाब व साखर काबूत ठेवून, मीठ कमी करून व योग्य औषधांनी घसरण पुष्कळ मंद करता येते. परंतु 'फेल' या शब्दाला मधल्या पायऱ्या नाहीत. फेल होईपर्यंत माणूस स्वतःला 'पास' समजतो, आणि फेल झाल्यावर सर्व संपले असे समजतो.

'डायलिसिस लागले' या प्रयोगाचे नुकसान याहून अधिक आहे. 'लागणे' हे मराठीतील अत्यंत अनेकार्थी क्रियापद होय. 'खर्च लागतो' येथे गरज, 'चटक लागते', 'नाद लागतो' येथे व्यसन. वैद्य पहिल्या अर्थाने बोलतो; नातेवाईक दुसरा अर्थ घेतात : 'एकदा लागले की सुटत नाही.' म्हणून डायलिसिस शक्य तितके टाळावे, असा सल्ला घरात दिला जातो. खरी गोष्ट अशी की डायलिसिस कायमचे करावे लागते ते मूत्रपिंड कायमचे निकामी झाल्यामुळे. डायलिसिसमुळे ते निकामी होत नाही. कोकणात पावसाळ्यात होणारा लेप्टोस्पायरोसिस, घोणस चावणे, तीव्र जुलाबांनी शरीरातील पाणी आटणे, अशा कारणांनी मूत्रपिंड अकस्मात बंद पडते, तेव्हा काही दिवसांचे वा आठवड्यांचे डायलिसिस रुग्णाला तगवते, आणि पुष्कळदा मूत्रपिंड पुन्हा कार्य करू लागून ते थांबविता येते. अशा रुग्णाला एका क्रियापदाच्या भीतीने उपचारापासून दूर ठेवणे म्हणजे वाचू शकणारा जीव गमावणे होय. २०१६ पासून प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी ही सोय विनामूल्य करण्याची योजना आहे. तेव्हा खर्चाची भीतीही पूर्वीइतकी सार्थ राहिलेली नाही.

९. समारोप

वरील विवेचनावरून लोकभाषा अज्ञानी व वैद्यकाची भाषा तेवढी खरी, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. मूत्राशयाच्या क्रियांचे जे बारकावे मराठी क्रियापदांनी टिपले आहेत, ते वैद्याला निदानात उपयोगी पडणारेच आहेत. भाषेचे ज्ञान अनुभवातून आलेले असते; जेथे अनुभव येतच नाही तेथे ती थबकते, एवढाच याचा अर्थ. तेथे वैद्याने आपला प्रश्न बदलला पाहिजे. 'लघवी साफ होते ना?' या ऐवजी 'फेस येऊन टिकतो काय?', 'रात्री किती वेळा उठावे लागते?', 'पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज येते काय?', 'दुखण्याच्या गोळ्या किती दिवस घेता?', 'लघवीची व रक्ताची तपासणी शेवटी केव्हा केली?' असे विचारले, तर उत्तरे रुग्णाच्या शब्दांत येतील आणि वैद्याच्या उपयोगी पडतील. 'फेल' या ऐवजी 'इतके काम उरले आहे' आणि 'डायलिसिस लागेल' या ऐवजी 'काही दिवस रक्त यंत्राने गाळावे लागेल' असे सांगण्यास वेळ फारसा लागत नाही.

भाषेच्या अभ्यासकांनाही येथे पुष्कळ काम आहे. शिष्ट मराठीतील शब्दांचा विचार येथे झाला. कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी, झाडी बोली व आदिवासी भाषा यांतील रोगनामे, ती कोणापुढे उच्चारली जातात व कोणापुढे टाळली जातात, स्त्रिया कोणते शब्द योजतात व पुरुष कोणते, यांचा जिल्हावार संग्रह वैद्यकीय महाविद्यालयांच्या सहकार्याने होणे अगत्याचे आहे. असा संग्रह कोशात भर घालील हे तर खरेच. परंतु जिल्हा रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या तरुण डॉक्टराला समोरची म्हातारी नेमके काय सांगते आहे हे त्यातून कळले, तर त्याचे मोल अधिक होय.